राहून गेलेलं पाणी

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. सासरी आले त्याच महिन्यात मी दूधवाल्याशी, वरच्या मजल्यावरच्या बाईशी आणि स्वतःच्या नवऱ्याशी एकाच सकाळी भांडले होते. पण माझे मोठे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, यांच्याशी भांडायचं म्हटलं तर भांडणाला सुरुवातच होत नाही. आपण तावातावानं बोलावं, त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घ्यावं आणि मग विचारावं, "चहा झाला का तुझा?" अशा माणसाचं काय करायचं? आज त्यांच्याविषयी सांगायला बसले आहे तीही खरं तर रागानंच. ताई, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, जाऊन आता बराच काळ लोटला. त्या असेपर्यंत मी तोंड उघडणं शक्य नव्हतं.

भाऊजी काय काम करायचे ते सांगितलं तर लोकांना आधी थट्टाच वाटायची. ते कचेऱ्यांमधल्या कुंड्या सांभाळायचे. एक कंपनी होती, ती मोठमोठ्या कचेऱ्यांना कुंडीतली झाडं भाड्यानं द्यायची, आणि ती झाडं जिवंत ठेवायची जबाबदारी भाऊजींची. सकाळी खांद्याला पिशवी लावून निघायचे. पिशवीत लांब नळीची झारी, फवाऱ्याची बाटली, कात्री आणि जुन्या बनियनची फडकी. पानं पुसायला जुन्या बनियनइतकं मऊ कापड नाही म्हणायचे. त्यापायी माझ्या नवऱ्याचे चांगले धडधाकट बनियनही वाळत घातले असताना दोरीवरून गायब झालेत.

कचेरीत शिरलं की ते कुणाशी बोलायचे नाहीत. कुंडीपाशी उकिडवं बसायचं, मातीत बोट घालायचं. माती आतपर्यंत सुकी लागली तरच पाणी, नाहीतर पुढच्या कुंडीकडे. खालच्या बशीत पाणी साचलं असेल तर ओतून द्यायचं. पानं खालच्या अंगानं पुसायची, कारण कीड तिथंच दडून बसते. कुंडी थोडीशी फिरवून ठेवायची, म्हणजे झाड खिडकीकडे मान वाकडी करून वाढत नाही. उरलेला चहा कुंडीत ओतणारी माणसं प्रत्येक कचेरीत असतात. एका साहेबांनी तर आपलं खोकल्याचं औषध महिनाभर कुंडीत ओतलं होतं. भाऊजी म्हणायचे, साहेबांचा खोकला काही गेला नाही, झाड मात्र एकदाही खोकलं नाही.

त्यांचं एक सांगणं मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला पाठ झालं होतं. "पाण्यावाचून मेलेलं झाड मी क्वचित पाहिलंय गं. पाण्यानं मेलेली मात्र टेम्पो भरभरून नेलीत."

आणि कंपनीचा एक नियम होता. पिवळं पान गिऱ्हाइकाला दिसता कामा नये. एखादं झाड मान टाकायला लागलं की ते उचलून शहराबाहेरच्या शेडमध्ये न्यायचं आणि तेवढ्याच उंचीचं, तशाच बांध्याचं दुसरं झाड त्याच कुंडीत बसवून ठेवायचं. सकाळी माणसं येतात, झाड आपल्या जागी असतं. एका कचेरीतले मोठे साहेब प्रत्येक नव्या माणसाला कोपऱ्यातलं झाड दाखवायचे आणि सांगायचे, हे माझ्या डोळ्यांदेखत एवढं वाढलंय. भाऊजी तिथंच मागं बसून पानं पुसत असायचे. मी विचारलं, "कितवं आहे हो ते?" तर म्हणाले, "कितवं का असेना. साहेबांचा लळा तर एकच आहे ना?"

आमची दारं समोरासमोर. मध्ये फक्त जिन्याची जागा. भाऊजींच्या घरात खरं म्हणजे एकही कुंडी नव्हती. ताई म्हणायच्या, "दिवसभराची माती अंगावर घेऊन येता ती पुरे आहे मला." पुढं घरात झाड आलं ते त्यांच्या लेकीमुळं. तिला आम्ही भिंगरी म्हणायचो, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. एकदा ती वडिलांबरोबर शेडमध्ये गेली आणि तिथं टाकून द्यायला काढलेलं एक रबराचं झाड घेऊन आली. दोन पानं शिल्लक होती. भाऊजी म्हणाले, "हे काही जगत नाही." ती म्हणाली, "बाबा, तुमची झाडं बरी होतात ती पगारासाठी. हे माझ्यासाठी होईल." आणि झालंही. दोनाची दहा पानं झाली, जाड, काळपट हिरवी, ताटासारखी. एकदा गॅलरीतून आत नेताना त्याचं वरचं एक पान दाराच्या कडीत अडकून फाटलं, तर ही मुलगी संध्याकाळभर हळहळत बसली होती.

मग तिला दूरच्या शहरात नोकरी लागली. झाड बरोबर नेणार होती, पण बसमध्ये घेऊ देईनात, म्हणून आईजवळ ठेवून गेली. तिथं एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहत होती. एकदा मैत्रीण गावी गेलेली असताना हिला ताप भरला. संध्याकाळी आईला फोन केला, "आई, घसा नुसता सुकतोय गं." ताईंनी सांगितलं ते कुठलीही आई सांगेल तेच. "भरपूर पाणी पी आणि पडून राहा. सकाळी डॉक्टरकडे जा." सकाळी तिनं फोन उचलला नाही.

डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. ताप साधा नव्हता, कुणी उशाशी बसलेलं असतं तरी फरक पडला नसता. भाऊजींनी ते ऐकून घेतलं. ताईंच्या कानात ते शिरलंच नाही. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली, की माझी पोर तहानेली गेली. "मी इथून नुसतं पाणी पी म्हणाले गं," असं त्या मला म्हणायच्या, "हातात पेला द्यायला कोण होतं तिथं?" एरवी माझ्या जिभेला हाड नाही, पण ते वाक्य आलं की मी उठून त्यांच्यासाठी चहा टाकायचे.

त्यानंतर ताईंनी त्या रबराच्या झाडाचा ताबा घेतला. रोज सकाळी प्रत्येक पान पुसायच्या, तान्ह्या मुलाचं तोंड पुसावं तसं. आणि पाणी घालायच्या. आठवण आली की पेलाभर पाणी. भांडी घासताना आली, ओल्या हातानं उठून पाणी. दुपारी पडल्या पडल्या आली, उठून पाणी. आता आईला लेकीची आठवण दिवसातून किती वेळा येते, हे मी सांगायला नको.

भाऊजींना दिसत होतं. त्यांच्याइतकं कुणाला दिसणार? त्यांनी कुंडीचं खालचं भोक मोठं केलं. मातीत जाड वाळू आणि कोळशाचे तुकडे मिसळले. कामावर निघायच्या आधी ताई न्हाणीघरात गेल्या की ते बशीतलं पाणी मोरीत ओतायचे, स्वतःच्याच घरात चोरासारखे. एकदा माझ्यासमोरच त्यांनी धीर एकवटून म्हटलं, "आजच्या दिवस राहू दे ना. माती ओली आहे अजून." ताईंनी पेला तसाच धरून त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "मला पाण्याला नाही म्हणू नका हो." भाऊजी पिशवी उचलून कामावर गेले. मला त्या दिवशी त्यांचा असा संताप आला होता. जगाला झाडं शिकवता आणि घरात तोंडाला कुलूप?

पुढं ताईंच्या भावाचं ऑपरेशन निघालं आणि त्यांना काही दिवसांसाठी तिकडं जावं लागलं. निघताना चार चारदा बजावून गेल्या, "पाणी विसरू नका. माझी शपथ आहे तुम्हाला." मलाही सांगून गेल्या, लक्ष ठेव म्हणून. भाऊजींच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ती आशा दिसली. या चार दिवसांत झाड कुंडीबाहेर काढू, मुळं सुकू देऊ, नवी कोरडी माती घालू, म्हणाले. ताई परतायच्या आत ते सावरेल अशी त्यांची अटकळ होती. त्याच सकाळी गॅलरीत जुने पेपर पसरून बसले. मी मदतीला गेले.

कुंडी आडवी केली आणि झाड अलगद ओढलं, तर ते जोर न लावताच हातात आलं. साचलेल्या गटारासारखा वास सुटला. मुळं काळी पडली होती, बोट लावलं की साल निघून यायची आणि आत दोऱ्यासारखं काहीतरी उरायचं. खोडही खालून मऊ लागत होतं. वरची पानं तेवढी हिरवीगार. भाऊजी कितीतरी वेळ ते मांडीवर घेऊन बसले. मी विचारलं, "कधी झालं हे?" तर म्हणाले, "झालं असेल केव्हाच. वरून उशिरा कळतं." मग त्यांनी शेंडा कापला, देठाला ओलं फडकं गुंडाळलं आणि शेडमध्ये नेऊन लावून पाहिला. पुढं तोही काही धरला नाही. आतून काळा पडत पडत गेला.

मी म्हटलं, "भाऊजी, ताईंना सरळ सांगून टाका. शेवटी झाडच आहे ते."

"काय सांगू?" ते म्हणाले. "आपण पाणी दिलं नाही म्हणून पोर गेली असं ती धरून बसलीय. आता पाणी दिलंस म्हणून हेही गेलं, असं सांगू तिला?"

 मग आयुष्यभर जे करत आले तेच त्यांनी केलं. शेडमधली सगळी रबराची झाडं धुंडाळून तेवढ्याच उंचीचं, तेवढ्याच पानांचं एक झाड आणलं. भिंगरीची कुंडी घासून घेतली, त्यात ते बसवलं, वर जुन्या मातीचा कोरडा थर पसरला. वरचं पान कडीत अडकून फाटलं होतं ना, तसंच त्याच जागचं पान ताई यायच्या दिवशी सकाळी नखानं फाडलं. मी दारात उभी राहून बघत होते. तसं बघायला गेलं तर फरक कळण्यासारखा नव्हता. पण त्या घाईत ते स्वतःच मला अनेकदा सांगत आलेली एक गोष्ट विसरले, की रबराच्या पानाला ताजी जखम झाली की पांढरा चीक येतो.

ताई दुपारी आल्या. पिशवी ठेवली, पाय धुतले आणि भावाची तब्येत सांगायच्या आधी फडकं घेऊन झाडापाशी बसल्या. एक पान पुसलं, दुसरं पुसलं. वरच्या फाटक्या पानापाशी आल्या आणि थांबल्या. फडक्याला चीक लागला होता. पान उलटून पाहिलं, तर कडेला पांढरा थेंब सुकत आलेला.

"हे कधी फाटलं?" त्यांनी विचारलं.

भाऊजी भिंतीला टेकून उभे होते. ताईंनी एकेक पान उलटून पाहिलं, खोडावरून बोट फिरवलं. रोज हात फिरवलेल्या आईला कितीसा वेळ लागणार?

"हे ते नाही," त्या म्हणाल्या. "माझं कुठंय?"

"गेलं," भाऊजी म्हणाले.

"गेलं म्हणजे? मी निघाले तेव्हा हिरवंगार होतं!" ताई उठून उभ्या राहिल्या. "तुम्ही पाणी नाही घातलंत. शपथ घालून गेले होते मी. मी पाठ फिरवली आणि तुम्ही पाणी नाही घातलंत! बोला ना!"

माझ्या तोंडून शब्द निघणारच होता. भाऊजींनी माझ्याकडे फक्त बघितलं. आणि मग ते म्हणाले, "हो. राहून गेलं."

"राहून गेलं?"

"कामाच्या गडबडीत होतो. राहून गेलं पाणी."

ताई रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आणि वर दुसरं आणून ठेवलंत. मी काय तुमच्या कचेरीतली साहेब आहे, मला कळू नये म्हणून? मग पोर गेली तेव्हा बरी दुसरी नाही सापडली तुमच्या शेडमध्ये." भाऊजींनी खाली वाकून कुंडी उचलली आणि जिना उतरून गेले. ते झाड परत आलं नाही. कुंडी धुऊन आणून त्यांनी मोरीपाशी पालथी घातली.

त्यानंतर ताई त्यांच्याशी कामापुरतं बोलायच्या. जेवायला वाढलंय, गॅस संपलाय, एवढंच. पण बाकी जगाशी भरभरून बोलायच्या. येईल त्याला सांगायच्या, पोरीचं झाड ह्यांनी पाण्यावाचून मारलं. भाऊजींची बहीण, आमची नणंद, आली आणि तोंडावर म्हणाली, "दादा, बाहेर झाऱ्या ओततोस आणि घरात दुष्काळ?" माझ्या नवऱ्यानंही एकदा असलाच विनोद केला. त्या दिवशी मी त्याला असं फैलावर घेतलं की बिचाऱ्याला कळेना, आपलं काय चुकलं. शेवटी ही गोष्ट त्यांच्या कंपनीतही पोचली. ज्या माणसानं हयातीत एक झाड वाळू दिलं नव्हतं, त्याला सगळे हसून म्हणायचे, "काका, पाणी घातलं ना आज?" तेही हसायचे.

मला ते सहन होईना. एके दिवशी ते कामावरून येत होते, तेव्हा जिन्यातच त्यांना अडवलं. म्हटलं, "पुरे झालं आता. आज मी ताईंना सगळं सांगते."

ते पायरीवर बसले. पिशवी मांडीवर घेतली. म्हणाले, "तू बघतेस ना तिला? आधी दिवसभर स्वतःला बोलायची. मी फोनवर असं का म्हटलं, मी त्याच रात्री गाडी का नाही पकडली. खायची नाही, झोपायची नाही. आता मला बोलते. दोन घास खाते, झोपही लागते. पोरीच्या बाबतीत रागवायला कुणी सापडलंच नाही गं तिला. डॉक्टरवर रागवावं तर त्याची चूक नाही, तापावर काय रागवणार? फिरून फिरून स्वतःवरच यायची. आता मी सापडलोय. असू दे."

"आणि तुमचं काय? तुमची नव्हती का ती मुलगी?"

त्यांनी पिशवीतली झारी सरळ केली. मग म्हणाले, "मला बाहेर एवढी झाडं आहेत की. दिवस जातो." आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "चहा झाला का तुझा?" मी रागानं नाही म्हटलं आणि माझ्या घरात येऊन ओट्याला टेकून रडले.

असं बरंच चाललं. दिवस गेले, भाऊजींचे केस पांढरे झाले. मग तळमजल्यावर एक नवं जोडपं राहायला आलं. त्यातली मुलगी लाघवी होती, कुणाकडेही बिनदिक्कत शिरायची. तिला कुणीतरी सांगितलं असावं की वरच्या काकांना झाडांतलं कळतं. एका दुपारी ती कुंडी कवेत घेऊन वर आली. भाऊजींना सुट्टी होती. ताई आत डबे आवरत होत्या, मी तिथंच बसले होते.

"काका, बघा ना, रोज दोन्ही वेळा पाणी घालते, तरी खालची पानं पिवळी पडतायत," ती म्हणाली आणि कुंडी टेबलावर ठेवली. कुंडीखालून पाणी ओघळलं आणि टेबलाच्या कडेवरून टपटप खाली पडायला लागलं. माती चिखल झाली होती. मला कळलं, तर भाऊजींना न कळायला काय झालं? ते पुढं वाकले. "अगं," त्यांनी सुरुवात केली, "हे जे तू पाणी..."

ताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हातात डब्याचं झाकण होतं. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून झाडांविषयी भलं काही निघालं नव्हतं, पण त्या मुलीकडे बघून त्यांचा चेहरा मऊ झाला होता. कदाचित तिचं वय भिंगरीएवढं म्हणून असेल. त्या म्हणाल्या, "पाणी कमी पडत असेल त्याला, बाळ. आणखी घालत जा. आमच्याकडे एक होतं. पाण्यावाचून गेलं. विचार ह्यांना."

मुलीनं भाऊजींकडे पाहिलं. "खरंच, काका? आणखी घालू?"

 झाडाला काय हवं, याविषयी त्या माणसानं सबंध आयुष्यात कुणाला चुकीचं सांगितलं नव्हतं. त्यांनी ताईंकडे पाहिलं, त्या चिखलाकडे पाहिलं. मग कुंडी जरा आत सरकवली आणि म्हणाले, "हो. काकू म्हणतात ते बरोबर आहे. पाणी घालत जा."

मुलगी खूश होऊन कुंडी घेऊन गेली. भाऊजी टेबलावरचं पाणी फडक्यानं पुसायला लागले. पुसून झालं तरी पुसतच राहिले. तेव्हा ताई आल्या आणि त्यांच्यासमोरची खुर्ची ओढून बसल्या. मी ते दृश्य किती काळानं पाहत होते. त्यांनी भाऊजींच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"आता नका एवढं मनाला लावून घेऊ," ताई म्हणाल्या. "फार बोलले मी तुम्हाला. तुम्ही काय मुद्दाम केलंत? माणूस आहे, राहून जातं हातून एखाद्या वेळी."

भाऊजींनी मान खाली घातली.

"हो," ते म्हणाले. "चुकलंच माझं."